माणगावहून इटलीला : नाईक यशवंत घाडगे यांचा पाठ वर्गात कसा घ्यावा



दुसरं महायुद्ध शिकवताना आपण हिटलर, मुसोलिनी, पर्ल हार्बर, हिरोशिमा अशी नावं फळ्यावर लिहितो. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या युद्धात आपल्या कोकणातला एक मुलगा लढला, इटलीत मारला गेला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. तो मुलगा म्हणजे नाईक यशवंत घाडगे. आजचा पाठ त्यांच्यावर आहे.

पाठ आठवी ते दहावीसाठी, दोन तासिकांचा आहे. गोष्ट सांगायला सोपी आहे, पण ती सांगितल्यावर एक अवघड प्रश्न उभा राहतो. बहुतेक भाषणांत तो टाळला जातो. आपण तो टाळायचा नाही, कारण खरा पाठ तिथेच सुरू होतो.

आधी नकाशा काढा

भिंतीवर महाराष्ट्राचा आणि जगाचा असे दोन नकाशे लावा. महाराष्ट्राच्या नकाशावर देवनार दाखवा, मग रायगड जिल्ह्यातलं माणगाव. देवनार परिसरातल्या मुलांना हा रस्ता ओळखीचा असतो. गणपतीत मैत्री पार्कच्या थांब्यावर बॅगा, पिशव्या आणि लहान मुलं घेऊन उभी असलेली माणसं त्यांनी पाहिलेली असतात. पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, माणगाव अशी मुंबई-गोवा महामार्गावरची गावं काही मुलं तोंडपाठ सांगतील. माणगाव तालुक्यातल्या पळसगावात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं.

आता जगाच्या नकाशावर इटली शोधायला सांगा. बुटाच्या आकाराचा देश मुलांना लगेच सापडतो. रोम शहरातून वाहणाऱ्या तायबर नदीवर बोट ठेवा आणि ते उत्तरेला, उगमाच्या दिशेने सरकवा. डोंगराळ भाग लागतो. तिथेच, तायबरच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी घाडगे मारले गेले.

दोन्ही तारखा फळ्यावर लिहा आणि वय काढायला सांगा. उत्तर येतं २२ वर्षं, ७ महिने, २४ दिवस. वर्गातल्या कुणाचा तरी मोठा भाऊ साधारण याच वयाचा असतो. ते मुलांना आपणहून जाणवतं, वेगळं सांगावं लागत नाही.

घर सोडण्याची कोकणातली रीत

घाडगे सैन्यात होते एवढंच सांगून पुढे गेलो तर मुलांना वाटतं, सैनिक म्हणजे कुणीतरी वेगळाच माणूस. म्हणून इथे पाच मिनिटं थांबावं आणि त्या काळच्या कोकणाबद्दल बोलावं.

भात पावसाळ्यात होतो, जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडं जास्त. त्यामुळे घरटी एक तरी पुरुष बाहेर पडायचा. कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बोटीवर खलाशी म्हणून आणि कोणी पलटणीत. दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई आणि त्या पैशावर घर चाले. गिरणीत गेलेला गणपतीला आणि शिमग्याला परत येई. पलटणीतला रजा मिळेल तेव्हा. लढाई लागली की रजेचीही खात्री नसे.

म्हणजे पलटण हीसुद्धा परमुलखातली नोकरीच होती. फरक इतकाच की तिच्यात जीव जाण्याची शक्यता कराराचाच भाग होती. मराठा पलटणींचा हा प्रवास जुना आहे. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या होत्या. कूत या गावात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा त्यांना वेढा पडला. अन्न संपल्यावर फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो जण तुर्कांचे कैदी झाले. त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी घरांत बसरा हे नाव तेव्हापासून ओळखीचं झालं.

घाडगे ज्या पलटणीत होते ती पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिची तिसरी बटालियन. आजची मराठा लाइट इन्फंट्री ती हीच. तिचं केंद्र बेळगावला आहे. नाईक हा हुद्दा म्हणजे सेक्शनचा, सुमारे दहा जणांच्या तुकडीचा, प्रमुख. बावीस वर्षांच्या मुलावर दहा जणांची जबाबदारी होती, हे वर्गाच्या मॉनिटरला आवर्जून सांगा.

१० जुलै १९४४

इटलीची पार्श्वभूमी चार वाक्यांत पुरे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तांपुढे शरणागती पत्करली, पण जर्मन सैन्य देश सोडायला तयार नव्हतं. डोंगराडोंगरांतून, नदीनदीवर लढत दोस्त सैन्य उत्तरेकडे सरकत होतं. ४ जून १९४४ ला रोम मुक्त झालं. त्यानंतर जर्मन उत्तरेच्या नव्या संरक्षणरेषेकडे मागे हटत होते आणि वाटेतल्या प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून वेळ काढत होते.

या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन होत्या. ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक इटलीत लढले आणि त्यातले ५,७८२ जण तिथेच मरण पावले. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले.

१० जुलैला घाडगे यांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सगळे एक तर मेले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले फक्त घाडगे. मागे कोणी उरलेलं नाही हे त्यांना माहीत होतं. ते थांबले नाहीत, एकटेच मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकाला मारलं. गोळ्या संपल्या. नवं मॅगझीन लावायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं त्यांच्या हाती आलं. तेवढ्यात शत्रूच्या दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा मृत्यू झाला.

हा प्रसंग एवढाच सांगावा. सन्मानपत्रात नोंदलेली हकिकत इतकीच आहे आणि ती पुरेशी आहे. बऱ्याच भाषणांत त्यांच्या तोंडी शेवटचे शब्द घातलेले असतात, आईला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलेलं असतं. असलं काही रचू नका. ज्याने एवढं केलं त्याच्या तोंडी आपण आपली वाक्यं कशाला घालायची? मुलांनाही सांगा, निबंध लिहिताना या माणसाचं घडलेलंच लिहा.

आवाज चढवायचीही गरज नाही. साध्या आवाजात सांगितलं तर वर्ग जास्त शांत होतो, करून पाहा.

मग हात वर होतो

इथे एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, पण १९४४ मध्ये तर आपण इंग्रजांविरुद्ध लढत होतो ना? मग हे इंग्रजांच्या बाजूने कसे?"

हाच तो अवघड प्रश्न. शाबासकी द्या आणि फळा पुसून मधोमध एक उभी रेघ मारा. एका बाजूला घाडगे यांचं नाव लिहा, दुसऱ्या बाजूला भाई कोतवाल यांचं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ ला माथेरानचा. म्हणजे जिल्हा तोच, कुलाबा. शिकून वकील झाले, पण रमले शेतकऱ्यांत. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठी चालवली. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला मुरबाडजवळच्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. त्यात ते आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले.

आता मुलांना दोन्ही बाजू वाचू द्या. एकाच जिल्ह्याचे दोन सुपुत्र. एकाला ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी मारलं. दुसरा त्याच सरकारच्या सैन्यात लढताना मेला. दोघांच्या मृत्यूत अंतर दीड वर्षाचं.

यातला कोण बरोबर, अशी मतमोजणी वर्गात घेऊ नका. त्याऐवजी काही गोष्टी नीट समोर ठेवा.

पहिली गोष्ट, हे युद्ध भारताने ठरवलेलं नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. निषेध म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. हे स्पष्ट सांगा. घाडगे स्वातंत्र्यलढ्यासाठी लढले असं म्हणणं खरं नाही आणि त्यांच्या सन्मानासाठी तसं म्हणायची गरजही नाही.

दुसरी गोष्ट, भारतीय सैन्यात सक्तीची भरती नव्हती. युद्ध संपेपर्यंत त्याची संख्या सुमारे २५ लाख झाली, ती स्वेच्छेने आलेल्यांची. पण स्वेच्छा या शब्दाजवळ थोडं थांबा. घरात धान्य कमी, जमीन तोकडी आणि समोर पगार, जेवण, कपडे देणारी नोकरी, तेव्हा माणूस जातो. त्याला कोणी ओढून नेलेलं नसतं, पण तो पूर्ण मोकळाही नसतो. आपल्या वस्त्यांतली मुलं हे आपल्याहून चांगलं समजतात.

तिसरी गोष्ट, समोर नाझी जर्मनी होती. गुलाम देशाचा सैनिक असला तरी त्या दिवशी तो ज्या सत्तेविरुद्ध उभा होता ती जगावर काय आणत होती, हे मुलांनी याच धड्यात शिकलेलं असतं.

चौथी गोष्ट, त्याच काळात आझाद हिंद सेनेत गेलेले आणि ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात राहिलेले जवान एकमेकांसमोर लढले. म्हणजे हा पेच एकट्या घाडग्यांपुढे नव्हता, सगळ्या देशापुढे होता. आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा इंग्रजांचा गणवेश घातलेल्यांनीच इंग्रजांना आव्हान दिलं.

हे सगळं ऐकल्यावर मुलांना एकच सरळ उत्तर मिळत नाही, आणि तसंच व्हायला हवं. कोतवाल यांचा हेतू आणि घाडगे यांचा हेतू एक नव्हता. दोघांचा मान ठेवायचा तर दोघांना एकाच साच्यात घालू नये. घाडगे यांच्याबद्दल खरं म्हणता येईल ते असं. ते पलटणीचे जवान होते, हाती घेतलेलं काम आणि पडलेले साथीदार टाकून ते मागे फिरले नाहीत. हे छोटं नाही.

युद्ध मुंबईतही आलं होतं

इटली मुलांना लांब वाटते. म्हणून त्याच वर्षातली एक तारीख जोडून द्या, १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि युद्धासाठी आणलेली स्फोटकंही. स्फोट झाले, आग शहरात पसरली, शेकडो माणसं मेली, त्यात आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळेत त्या आठवड्यात प्रात्यक्षिक होतं, त्यामागचं कारण मुलांना इथे कळतं. घाडगे यांच्या मृत्यूआधी तीन महिन्यांपूर्वीची ही घटना आहे.

माणूस गेला, नाव कुठे राहिलं?

व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश सैन्यातला सर्वोच्च शौर्य सन्मान. भारतीय सैनिकांसाठी तो १९११ मध्ये खुला झाला. घाडगे यांना तो जाहीर झाला २ नोव्हेंबर १९४४ ला. दोन आठवड्यांनी त्यांचा तेविसावा वाढदिवस असता. पदक त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आलं. वर्गात एवढं वाक्य बोलून क्षणभर थांबा. आजवर आलेल्या मनीऑर्डरी आणि हे पदक, दोन्ही एकाच माणसाकडून आलेलं. आता पुढची मनीऑर्डर येणार नव्हती.

घाडगे यांची ज्ञात कबर नाही. दक्षिणेला कॅसिनो इथे ज्यांची कबर सापडलेली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक आहे, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारलं. ते आहे एक सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्याच्याशी जोडलेलं आहे.

हे वचन वर्गात आवर्जून सांगा. त्या ठाण्यात घाडगे यांच्या हातून पडलेले चौघे जर्मन होते. त्यांचीही कुठेतरी घरं होती, कुणीतरी त्यांचीही वाट पाहत होतं. हे म्हटल्याने घाडगे यांचं शौर्य उणं होत नाही. उलट युद्ध म्हणजे काय हे मुलांना कळतं. मोबाइलवरच्या खेळात मारलेला पुन्हा उठतो, इथे पाचांपैकी कोणीच उठलं नाही.

आणखी एक नाव सांगावं. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्याच सेनिओ नदीकाठी त्यांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी आणलं आणि मग शत्रूची ठाणी घेतली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. दोघेही १९२१ च्या नोव्हेंबरात जन्मलेले. एकाला बावीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला बासष्ट.

मुलांकडून काय करून घ्यावं

१. घरी जाऊन विचारा : आपल्या घरातलं गाव सोडून सगळ्यात आधी कोण बाहेर पडलं? कोणत्या गावाहून, कोणत्या कामासाठी? गावात मागे कोण राहिलं? उत्तर पाच ओळींत लिहा.

२. वर्गाचा नकाशा : प्रत्येकाच्या गावापासून देवनारपर्यंत दोरा लावा. मूळ गावठाण सोडलं तर आपला परिसर बाहेरून आलेल्यांनीच वसवलेला आहे. रत्नागिरी, बीड, आझमगड, गुलबर्गा, सगळीकडून दोरे येतील. शेवटी पळसगावहून तायबरपर्यंत वेगळ्या रंगाचा एक दोरा लावा. हा एकच दोरा परत आलेला नाही.

३. दोन रकाने : घाडगे आणि कोतवाल यांची माहिती समोरासमोर लिहा. खाली एक वाक्य 'दोघांत सारखं काय' आणि एक वाक्य 'दोघांत वेगळं काय'.

४. सात वाक्यांचा परिच्छेद : 'यशवंत घाडगे' या विषयावर. अट एकच, एकही वाक्य रचलेलं नको.

पहिल्या कामात एक काळजी घ्या. काही घरांत बाहेर पडलेला माणूस परतलेला नसतो, काहींचा पत्ताच नसतो. अशा मुलाला वर्गासमोर वाचायला लावू नका. वही तुम्ही एकट्याने वाचा.

पालकांसाठी थोडं

तुमचा मुलगा किंवा मुलगी "मी सैन्यात जाणार" म्हणाली तर लगेच टाळ्या वाजवू नका आणि लगेच घाबरूनही जाऊ नका. आधी विचारा, का जायचंय? पगारासाठी, गणवेशासाठी, देशासाठी की मित्र जातोय म्हणून? यातलं कुठलंही उत्तर लाजिरवाणं नाही, पण आपलं उत्तर आपल्याला माहीत असावं. मग घाडगे यांची गोष्ट पूर्ण सांगा. धावून गेले ते सांगा आणि परत आले नाहीत तेही सांगा.

या सुट्टीत कोकणात जाताना माणगावला गाडी थांबली तर दहा मिनिटं काढून पुतळ्यापाशी जाऊन या. मुलाला जन्म आणि मृत्यूच्या तारखा सांगा आणि वय त्यालाच काढू द्या.